भाग कसाही पडला तरी ओळखणारं न्यूरल नेटवर्क: फिरवून फिरवून शिकवायचं की रचनेतच बसवायचं?

तिरपा_कोन

नमस्कार मंडळी.

गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी ऑटोमेशनचं काम बघतो. ॲल्युमिनियम कास्टिंगचे ब्रॅकेट मोठ्या बिनमध्ये एकावर एक पडलेले असतात. वर थ्रीडी कॅमेरा आहे. त्याने भाग ओळखायचा आणि रोबोटने तो उचलून त्याच्या ट्रेमध्ये ठेवायचा.

कॅमेऱ्याकडून मिळतो तो पॉइंट क्लाउड, म्हणजे बिंदूंचा ढग: पृष्ठभागावरच्या हजारो बिंदूंची यादी. प्रत्येक बिंदूचे एक्स, वाय, झेड, बाकी काही नाही. फोटोसारख्या ओळी-रकाने नाहीत आणि बिंदूंना ठरलेला क्रमही नाही. भाग बिनमध्ये पालथा, उताणा, एका कडेवर, दुसऱ्याच्या भोकात अडकून, कसाही पडतो. सरळ उभ्या कॅड (संगणकावर रेखलेल्या) मॉडेलांवर शिकवलेलं नेटवर्क इथे टिकणार नाही हे उघड आहे.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. काहीजण म्हणतात, शिकवताना प्रत्येक नमुना वाटेल तसा फिरवून दाखवा, नेटवर्क आपोआप तयार होतं. दुसरे म्हणतात, रचनाच अशी करा की भाग फिरवल्याने उत्तर बदलूच शकणार नाही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. जी गोष्ट गणिताने हमखास मिळते ती उदाहरणं दाखवून घोकून घेण्यात मला अर्थ वाटत नाही. पण ज्यांनी हे काम केलंय त्यांचं ऐकायचंय.

अवकाशवेल

चांगला विषय काढलात. नवीन वाचकांसाठी थोडी मागची गोष्ट सांगते.

या क्षेत्रात सगळे सुरुवात करतात ती पॉइंटनेटपासून. स्टॅनफर्डच्या चार्ल्स ची, हाओ सू, काइचुन मो आणि लिओनिडास गिबास यांचं हे काम, २०१७ चं. त्यात प्रत्येक बिंदू एकाच छोट्या नेटवर्कमधून स्वतंत्रपणे जातो, आणि शेवटी सगळ्या बिंदूंच्या आकड्यांतून रकान्यागणिक कमाल मूल्य घेतलं जातं. कमाल काढताना कोण आधी आलं नि कोण नंतर याने फरक पडत नाही, त्यामुळे क्रमाचा प्रश्न एका फटक्यात सुटला. फिरण्याचा नाही सुटला. त्यासाठी त्यांनी टी-नेट नावाचं पोटनेटवर्क ठेवलं होतं. ते ३ बाय ३ चं मॅट्रिक्स काढून ढग 'सरळ' करू बघतं. पण ते मॅट्रिक्स म्हणजे निखळ रोटेशनच असेल अशी सक्ती नाही, आणि जे कोन शिकवताना दिसलेच नाहीत तिथे ते सरळ करेल याची हमी नाही.

किती फरक पडतो ते आकड्यांत बघा. मॉडेलनेट४० या संचात ४० प्रकारच्या वस्तूंची १२,३११ कॅड मॉडेलं आहेत, त्यातली ९,८४३ शिकवायला आणि २,४६८ तपासायला. व्हेक्टर न्यूरॉन्स नावाच्या, दुसऱ्या बाजूच्या रचनेच्या २०२१ च्या पेपरातला तक्ता असा: फक्त उभ्या अक्षाभोवती फिरवून शिकवलं आणि तसंच तपासलं, तर पॉइंटनेट ८५.९ टक्के. शिकवणं तेच ठेवून तपासताना मात्र वाटेल तसं फिरवलं, तर १९.६. शेजारच्या बिंदूंचा आलेख बांधणारं डीजीसीएनएन ९०.३ वरून ३३.८ वर येतं.

पाऊलखुणा

वाचतेय. १९.६ वाचून धक्का बसला. खुर्ची आडवी केली की ती खुर्ची नाही?

खडूफळा

पाऊलखुणा, नेटवर्कला खुर्ची माहीतच नसते, आकडे माहीत असतात. खुर्ची ९० अंशांत आडवी केली की प्रत्येक बिंदूचे आकडे बदलतात.

'फिरवून दाखवा' हे बोलायला सोपं आहे, पण फिरवायचं किती? त्रिमितीत फिरण्याला तीन स्वातंत्र्यं असतात. सगळ्या दिशांवर एकसारखी जाळी टाकायची म्हटली, तर साधारण १५ अंशांच्या अंतराने ४,६०८ स्थिती लागतात. अंतर निम्मं करून ७.५ अंश केलं की ३६,८६४. अंतर अर्धं, काम आठपट. हे एका मॉडेलसाठी.

आणखी एक. हा घोळ मी विद्यार्थ्यांच्या कोडमध्ये वारंवार बघतो. तीन ऑयलर कोन (तीन अक्षांभोवती एकापाठोपाठ फिरवायचे कोन) ० ते ३६० मधून यदृच्छया उचलले म्हणजे रोटेशन यदृच्छ झालं, असं त्यांना वाटतं. होत नाही. ध्रुवांपाशी दाटी होते आणि बाकीचा प्रदेश विरळ राहतो. चार गॉसियन संख्या घ्या, त्यांचा व्हेक्टर एकक लांबीचा करा आणि तो क्वाटर्नियन, म्हणजे रोटेशन सांगणारे चार आकडे, म्हणून वापरा. वितरण खरोखर एकसमान मिळतं. पायथनच्या सायपाय लायब्ररीत तयार फंक्शन आहे, तेच वापरलेलं उत्तम.

हातोडा

मी पहिल्या बाजूचा. अवकाशवेल यांनी तक्त्यातला तिसरा रकाना सांगितला नाही, तो मी सांगतो. त्याच पेपरात डीजीसीएनएनला सगळ्या दिशांत फिरवून *शिकवलं*, तर अचूकता ८८.६. आणि रचनेतच सममिती (फिरवलं तरी उत्तर तेच) बसवलेलं त्यांचं नेटवर्क? ९०.२. दीड टक्क्यासाठी एवढं गणित?

दुसरं उदाहरण प्रथिनांचं. प्रथिनांचा आकार वर्तवणाऱ्या २०२१ च्या अल्फाफोल्ड २ मध्ये फिरण्याला न बधणारं खास अटेन्शन (कशाकडे किती लक्ष द्यायचं ते ठरवणारा थर) होतं, त्यावर लोकांनी किती लिहिलं. २०२४ च्या अल्फाफोल्ड ३ मध्ये रचना तयार करणाऱ्या भागात ते काढून टाकलं. गोंगाटातून टप्प्याटप्प्याने रचना काढणारा साधा डिफ्युजन ट्रान्सफॉर्मर, आणि शिकवताना अणू यदृच्छ फिरवायचे. काम झालं.

लाइनवर चालणाऱ्या गोष्टीत साधेपणाला किंमत असते. रात्रपाळीला कॅमेरा बदलला, तर कोड वाचता येणारा माणूस हजर हवा.

अवकाशवेल

हातोडा, तिसरा रकाना सांगितलात ते बरं झालं, पण मग पूर्ण सांगा. पॉइंटनेट तसंच शिकवल्यावर ७४.७ वर थांबलं. म्हणजे ८५.९ वरून ११ टक्के गमावले. नेटवर्कची ताकद एकच असते, ती आकार ओळखण्यात लागते किंवा कोन लक्षात ठेवण्यात. डीजीसीएनएन शेजारच्या बिंदूंतला फरक बघतं म्हणून कमी गमावतं.

आणि व्हेक्टर न्यूरॉन्सवाल्या डीजीसीएनएनचं मला महत्त्वाचं वाटतं ते ९०.२ नाहीच. ते नेटवर्क फक्त उभ्या अक्षावर शिकवून तसंच तपासलं तर ८९.५, आणि वाटेल तसं फिरवून तपासलं तरी ८९.५. तोच आकडा. न पाहिलेल्या स्थितीतही वर्तन तेच राहणार हे शिकवण्याआधीच माहीत असतं. कारखान्यात मला तर हे दीड टक्क्याहून मोलाचं वाटेल.

अल्फाफोल्ड ३ चं म्हणणं खरं आहे. पण त्यांच्या हाताशी केवढा डेटा नि केवढी यंत्रसामग्री होती! धागाकर्त्यांकडे लेबल लावलेले किती नमुने आहेत?

तिरपा_कोन

लेबल लावलेले खरे स्कॅन थोडे आहेत. कॅड मात्र सगळ्या भागांचं आहे.

अवकाशवेल, व्हेक्टर न्यूरॉनची कल्पना थोडी उलगडून सांगाल का?

अवकाशवेल

नेहमीच्या न्यूरॉनमध्ये एक संख्या असते. इथे प्रत्येक न्यूरॉनमध्ये तीन घटकांचा व्हेक्टर असतो, अवकाशातला बाण म्हणा. थर काय करतो, तर अनेक बाणांना वजनं लावून त्यांची बेरीज करतो. आता सगळे बाण एकदम फिरवले, तर बेरीजही तेवढीच फिरते. आधी फिरवा मग मिसळा, किंवा आधी मिसळा मग फिरवा, एकच. वजनं कोणतीही असोत.

अडचण येते रेलूपाशी. साधं रेलू एक्स, वाय, झेड प्रत्येकाला वेगवेगळं बघतं आणि ऋण असेल तर शून्य करतं. बाण फिरवला की ऋण कोण ते बदलतं, सगळा हिशोब मोडतो. म्हणून त्यांनी असं केलं: आत येणाऱ्या बाणांतूनच एक दिशा शिकायची. ती दिशाही वस्तूबरोबर फिरते. बाणाचा जो भाग त्या दिशेच्या उलट जातो तेवढाच छाटायचा. छाटणी वस्तूच्या स्वतःच्या दिशेने होते, खोलीच्या अक्षांनी नाही. हे मला फार सुंदर वाटतं, खरंच.

शेवटी बाणांचे आपसांतले डॉट प्रॉडक्ट (दोन बाणांच्या लांबी नि मधल्या कोनावरून निघणारी एक संख्या) घ्यायचे. ते फिरवल्याने बदलत नाहीत. त्यावर नेहमीचं वर्गीकरण.

याआधी २०१८ मध्ये टॅको कोहेन आणि सहकाऱ्यांचे स्फेरिकल सीएनएन आले, त्याच वर्षी टेन्सर फील्ड नेटवर्क्स आले. ते गणित जास्त व्यापक आहे, पण स्फेरिकल हार्मोनिक्स वगैरे शिरतात. बाणांवर थांबलं तर पदवीच्या रेषीय बीजगणितात काम होतं.

मृद्गंध

मी पुरातत्त्वातली, संगणकातली नाही. पण हा प्रश्न आम्हाला रोज असतो म्हणून लिहिते. उत्खननातली खापरं ढिगाने येतात आणि खापराला वर-खाली नसतं. ते कुठल्या भांड्याचं हे ठरवायच्या आधी ते *कसं* धरायचं हे ठरवावं लागतं.

काठाचा तुकडा असेल तर आम्ही तो उलटा करून सपाट पृष्ठभागावर टेकवतो आणि हळूहळू कलवत जातो. काठ आणि फळी यांच्यामधून उजेड दिसायचा बंद झाला की तो त्या भांड्याचा खरा कल. मग वर्तुळांच्या तक्त्यावर ठेवून तोंडाचा व्यास काढायचा. काठ नसेल तर आतल्या बाजूच्या चाकाच्या रेघा बघायच्या, त्या आडव्या असायला हव्यात. हे झाल्यावर छेदचित्र काढायचं, आणि मग प्रकार. जोर्वेचा कंगोरेदार वाडगा आहे की आणखी काही, हे बहुतेक वेळा त्या कलावरूनच कळतं. चुकीचा कल धरला तर वाडग्याची थाळी होते.

म्हणजे तुमच्या दोन मतांशिवाय तिसरं एक आहे ना? आधी सरळ धरा, मग ओळखा.

खडूफळा

मृद्गंध, मस्त लिहिलंत! तिसरं मत नक्कीच आहे, आणि जुनंही आहे.

सगळ्यात सरळ पद्धत पीसीए. बिंदू ज्या दिशेला सर्वाधिक पसरलेत तो पहिला अक्ष, मग दुसरा, मग तिसरा. ढग त्या अक्षांवर आणून ठेवला की मूळ स्थिती कशीही असो, एकच स्थिती मिळायला हवी. मिळत नाही मात्र. अक्ष मिळतो पण त्याचं टोक कोणतं ते कळत नाही. उजव्या हाताचा नियम पाळला तरी चिन्हांचे ४ पर्याय उरतात. आणि लांबी-रुंदी जवळजवळ सारखी असेल तर जरासा गोंगाट झाला की पहिला-दुसरा अक्ष अदलाबदल होतात, ते क्रम ६. एकूण २४ स्थिती. २०२१ च्या एका पेपरात नेमकं हेच मोजून चोवीसही स्थिती नेटवर्कला दिल्या आणि त्यांतून उत्तर एकत्र केलं. ३६,८६४ पुढे २४ म्हणजे काहीच नाही.

पण गोल वस्तू आली की अक्ष ठरतच नाहीत. तुमच्याकडे निदान काठ असतो.

कोपरखळी

लग्नाच्या हॉलबाहेर चपलांच्या ढिगात स्वतःचा जोड शोधून बघा मंडळी. उलटी, सुलटी, एकावर एक, सगळं जमतं. शेवटी हातात दोन डाव्या येतात. :)

अवकाशवेल

कोपरखळी, हसले, पण तुम्ही या धाग्यातला सगळ्यात मोठा धोका सांगितलात.

धागाकर्ते, तुमच्या भागांत डावा-उजवा असा जोड आहे का? गाडीच्या ब्रॅकेटमध्ये असतोच बहुधा.

तिरपा_कोन

आहे. एलएच (डावा) आणि आरएच (उजवा). एकमेकांची आरशातली प्रतिमा, बाकी तंतोतंत सारखे. ट्रे वेगळे, पुढे भाग पकडून ठेवणारं फिक्श्चर वेगळं.

अवकाशवेल

मग हे नीट वाचा. फिरवल्याने न बदलणारी मापं म्हणून लोक काय घेतात? दोन बिंदूंतलं अंतर, नॉर्मलमधले (पृष्ठभागाला लंब बाणांमधले) कोन, डॉट प्रॉडक्ट. २०१० मधले पॉइंट पेअर फीचर्स हेच: एक अंतर आणि तीन कोन. पुढे २०१९ मधलं आरआयकॉन्व्ह हे नेटवर्कही अंतरं नि कोनांवर चालतं. पण आरशात अंतर बदलतं का? कोन बदलतो का? नाही. म्हणजे ज्या पद्धतीत *फक्त* अंतरं, चिन्ह नसलेले कोन आणि डॉट प्रॉडक्ट आहेत, तिला तुमचा एलएच आणि आरएच एकच वस्तू. डेटा कितीही द्या, कितीही दिवस शिकवा. तो फरक सांगणारी माहिती नेटवर्कच्या दारातच अडवलेली असते.

उपाय आहे. तीन व्हेक्टरांचा डिटर्मिनंट, म्हणजे आधी क्रॉस प्रॉडक्ट आणि मग डॉट. फिरवल्याने तो बदलत नाही, आरशात त्याचं चिन्ह उलटतं. असं एक तरी चिन्हासकट माप आत जायला हवं. खडूफळा यांच्या पद्धतीतही उजव्या हाताचा नियम सोडला तर २४ चे ४८ होतात आणि डावा-उजवा पुन्हा एकत्र.

हातोडा

म्हणजे साध्या नेटवर्कला नुसतं फिरवून शिकवलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. नोंद घ्यावी.

अवकाशवेल

घेतली. हा मुद्दा पूर्णपणे तुमचा.

मनोरथी

मानसशास्त्रातून एक भर. १९७१ मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांचा प्रसिद्ध प्रयोग 'सायन्स'मध्ये छापून आला. ठोकळे जोडून केलेल्या आकृत्यांची चित्रं जोडीने दाखवायची. कधी एकच आकृती दोन कोनांतून, कधी आरशातली प्रतिमा. सारखी की वेगळी एवढंच सांगायचं. सारख्या जोड्यांत लोकांना लागणारा वेळ दोन आकृत्यांतल्या कोनाच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढत गेला. म्हणजे माणूस मनातल्या मनात आकृती फिरवतो असं दिसतं.

वेगळ्या जोड्या म्हणून त्यांनी आरशातल्या प्रतिमाच घेतल्या होत्या, म्हणजे एखादं लक्षण पकडून फिरवल्याशिवाय उत्तर देता येऊ नये. तुमचे एलएच-आरएच वाचून लगेच आठवलं.

पाऊलखुणा

माझ्यासारखीचा प्रश्न: मग इंग्रजी ६ आणि ९ चं काय? फिरवलं तर एकच नाही का होत?

खडूफळा

बरोबर प्रश्न. होतात एकच. कोनाला न बधणं म्हणजे कोनातली माहिती टाकून देणं. रस्त्यावरच्या लायडारमध्ये (लेसरने अंतर मोजणाऱ्या यंत्रात) गाड्या चाकांवरच उभ्या असतात, तिथे उभ्या अक्षाभोवतीची सममिती पुरे. सगळ्या दिशांना न बधणारं नेटवर्क लावलं तर 'वर कुठे' ही फुकट मिळालेली माहिती आपणच फेकली. आणि गाडी उलटली असेल तर तेही कळायला हवंच की.

दूरचा_दिवा

मी डेप्थ (अंतर मोजणाऱ्या) कॅमेऱ्यांवर काम करते. वरचं सगळं वाचलं. एक गोष्ट कुणीच बोललं नाही, आणि बिनमध्ये तीच सगळ्यात आधी अंगावर येते.

मॉडेलनेटमध्ये ढग पूर्ण वस्तूचा असतो, चारी बाजूंनी. तो फिरवला की तेच बिंदू फिरतात. खरा कॅमेरा एकाच बाजूने बघतो. ब्रॅकेट पालथा पडला तर तेच बिंदू फिरून दिसत नाहीत, *दुसरेच* बिंदू दिसतात. पाठीच्या फासळ्या दिसतात, पुढची भोकं गायब. म्हणजे भाग फिरणं आणि ढग फिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हेक्टर न्यूरॉन असो की चोवीस स्थिती, हमी मिळते ती ढग फिरण्याची. दिसणारी बाजू बदलली की ती हमी लागू नाही. तिथे डेटाच लागतो.

शिवाय ॲल्युमिनियमची चकाकी. मशीनिंग झालेल्या कडेवर प्रोजेक्टरचा प्रकाश आरशासारखा उडतो आणि तिथे ढगाला भोक पडतं. ते भोकही भागाबरोबर फिरत नाही, दिव्याच्या जागेवर अवलंबून असतं. मॉडेलनेटवरचे ९० टक्के खऱ्या स्कॅनवर टिकत नाहीत म्हणून तर २०१९ मध्ये स्कॅनऑब्जेक्टएनएन हा संच आला, त्यात अर्धवट वस्तू आहेत, पार्श्वभूमीचे तुकडे चिकटलेले आहेत.

तिरपा_कोन

दूरचा दिवा, नेमकं वर्णन. आमच्याकडे बोअरच्या (भागात कोरलेल्या गोल भोकाच्या) तोंडाशी कायम भोक पडतं, आणि एलएच-आरएच ओळखायची खूण तिथेच शेजारी आहे: एका बाजूला कललेला छोटा कान. भाग त्या कानावर पडला तर वरून दिसणारी पाठ दोघांची जवळजवळ सपाट.

मग आता काय करावं? कॅड आहे, खरे स्कॅन थोडे आहेत, सहा प्रकार आहेत, त्यात एक डावा-उजवा जोड.

दूरचा_दिवा

मी असं करेन. कॅड घ्या, खडूफळा यांच्या पद्धतीने एकसमान दिशा निवडा, आणि प्रत्येक दिशेने *फक्त दिसणारे* बिंदू ठेवा. ओपनथ्रीडी लायब्ररीत लपलेले बिंदू काढायचं फंक्शन आहे, २००७ मधल्या कॅट्झ, ताल आणि बासरी यांच्या पद्धतीवर बेतलेलं. आपला कॅमेरा देतो तेवढा गोंगाट मिसळा, चकाकीच्या जागी भोकं पाडा. ही झाली हातोडा यांची बाजू, आणि दिसणारी बाजू बदलण्याचा प्रश्न तीच सोडवते.

त्यावर नेटवर्क मात्र व्हेक्टर न्यूरॉनसारखं ठेवा, चिन्हासकट मापासह. कॅमेऱ्याच्या अक्षाभोवती भाग फिरला तर दिसणारे बिंदू बहुतांशी तेच राहतात, तिथे रचनेतली सममिती अख्खं एक स्वातंत्र्य फुकटात देते. खरे स्कॅन शिकवायला कमी वापरा, तपासायला ठेवा.

आणि पाठ सपाट दिसली तर उत्तर देऊ नका. 'कळत नाही' हा सातवा पर्याय ठेवा. रोबोटने तो भाग उचलून मनगट वळवून दुसऱ्या बाजूने कॅमेऱ्यासमोर धरावा. जी माहिती ढगात नाही ती कुठलंही नेटवर्क आणणार नाही.

मृद्गंध

आम्हीही तेच करतो. एका बाजूने ठरलं नाही तर तुकडा उलटा करून बघतो.

हातोडा

दूरचा दिवा यांची मांडणी मान्य. माझ्याकडून एक तपासणी. नेटवर्क रचनेने सममित आहे असं कागदावर असतं, कोडमध्ये असतंच असं नाही. एक ढग घ्या, यदृच्छ फिरवा, दोन्हींची उत्तरं वजा करा. फरक दशांशाच्या पाचव्या-सहाव्या स्थानी असला तर ठीक. पहिल्या-दुसऱ्या स्थानी दिसला तर कुठेतरी सममिती मोडली आहे.

बहुतेक वेळा ती नेटवर्कच्या आधीच मोडते. बिंदू कमी करायला व्हॉक्सेल जाळी (जागेचे छोटे घन पाडून प्रत्येकातून एक बिंदू ठेवणं) वापरतात, ती जाळी खोलीच्या अक्षांना बांधलेली असते, भाग फिरला की वेगळे बिंदू उरतात. फार्थेस्ट पॉइंट सॅम्पलिंग (आधी घेतलेल्यांपासून सर्वात लांबचा बिंदू निवडत जाणं) वापरा, आणि त्याचा पहिला बिंदू यदृच्छ न घेता मध्यापासून सर्वात लांबचा घ्या.

तिरपा_कोन

आमच्या पाइपलाइनमध्ये आत्ता व्हॉक्सेल जाळीच आहे. उद्या पहिल्या पाळीत ती काढतो आणि हातोडा यांची वजाबाकी आधी करून बघतो. एलएच-आरएचचा तक्ता वेगळा काढून इथेच टाकेन.

पाऊलखुणा

टाकाच. आणि तो 'कळत नाही' किती वेळा आला तेही लिहा.